अमावस्येची वेणी

उदगीर मागं पडून देगलूरच्या रस्त्याला काळी रानं सुरू झाली की डाव्या हाताला आश्रमाचं फाटक लागतं. आत पाय टाकला आणि सगळ्यात आधी तेलाचा वास आला. करडईचं घाण्याचं तेल, कोमट केलेलं. पत्र्याच्या जागी आता स्लॅबची दुमजली इमारत आहे, पाण्याला बोअर आहे, मुलींच्या खोल्यांना पंखे आहेत, पण वास तोच. मी काही मऊ मनाची बाई नाही. नांदेडला कॉलेजात शिकवते, पोरं मला टरकून असतात आणि मला ते बरं वाटतं. तरी त्या वासानं माझे पाय खालच्या पायरीवरच थांबले.

माई असेपर्यंत ही पायरी चढायची नाही, असं मी दहावीच्या वर्षी ठरवलं होतं आणि ते पाळलंही होतं. हा आश्रम उभा करणाऱ्या माई मागच्या महिन्यात गेल्या. गिरिजानं फोन करून कळवलं आणि म्हणाली, अमावस्येला ये, आता तरी ये. गिरिजा म्हणजे माझ्या शेजारच्या पथारीवर झोपणारी मुलगी. आता आश्रम तीच सांभाळते. मला माईंच्या समाधीपुढं हात जोडायचे नव्हते. मला गिरिजाला एकच गोष्ट विचारायची होती. माझ्या आईनं शेवटच्या भेटीत तिच्या कानात जे सांगितलं, ते मला हवं होतं. ते माझं होतं.

आमच्या भागात अमावस्येला औत धरत नाहीत, म्हणून आश्रमात भेटीचा दिवस अमावस्येचा. बापलोक फाटकाजवळच्या लिंबाखाली बसून पाऊसपाण्याचं बोलायचे. आया आत पडवीत यायच्या आणि मुलींच्या वेण्या घालायच्या. महिनाभर आम्ही घाईघाईत एकमेकींच्या डोक्यावरून कंगवा फिरवायचो, त्यामुळं केसांचा नुसता गुंता झालेला असायचा. आया भिंतीला पाठ लावून ओळीनं बसायच्या, पितळी वाट्यांतून तेल घ्यायच्या, कमरेच्या पिशवीतून आपापली फणी काढायच्या आणि माई एकेक मुलगी त्यांच्यापुढं आणून बसवायच्या. नियम एकच होता. कुठल्याच आईपुढं तिची स्वतःची मुलगी बसायची नाही.

माई मूळच्या लातूरच्या, एके काळच्या मुख्याध्यापिका. नोकरी सोडली, डोकं तासलं, भगवी नेसल्या आणि दोन-तीन बायकांना घेऊन या माळावर येऊन राहिल्या. पहाटे शांतिपाठ, मग उपनिषदाचा पाठ, मग गणित. गणित त्या फार सुंदर शिकवायच्या, हे मला आजही कबूल करावं लागतं. कधी कधी त्या अंगणात भरलेल्या घागरी ओळीनं मांडायच्या आणि आम्हाला एकेकीत वाकून बघायला लावायच्या. प्रत्येक घागरीत सूर्य असायचा. घागर फुटली म्हणून सूर्य फुटतो का, असं त्या विचारायच्या आणि आम्ही सगळ्याजणी एका सुरात नाही म्हणायचो. फुटलेल्या घागरीतल्या पाण्याचं काय, असं मला विचारावंसं वाटायचं, पण तेवढा धीर तेव्हा नव्हता.

वेणीचा नियम त्याच घागरींतून आला होता. सगळ्यांत एकच आहे, मग माझी कोणती आणि तुझी कोणती? हे त्या चिडून सांगत नसत, हसून सांगायच्या. ते हसू मला अजून झोपेत दिसतं. आणि दुसऱ्याला सांगून स्वतः वागायचं नाही, असंही नव्हतं. एकदा त्यांची स्वतःची म्हातारी आई लातूरहून आली होती. पाठीत वाकलेली, डोळ्यांत मोतीबिंदू. माईंनी तिच्यापुढं सातवीतली एक मुलगी बसवली आणि आपण धान्य निवडायला निघून गेल्या. म्हातारी त्या मुलीच्या डोक्यावरून हात फिरवत माईंचं जुनं नाव घेत राहिली. आम्हाला त्याचं हसू आलं होतं. मुली फार निर्दय असतात.

आश्रमाची हिवाळ्यातली पहाट मला सगळ्यात जास्त आठवते. हौदाचं पाणी अंगावर घेताना बसणारा चटका, ओले केस तसेच बांधून पाठाला बसलं की पाठीवरून खाली उतरणारा थेंब, आणि म्हणताना तोंडातून निघणारी वाफ. स्वयंपाकघरातून ज्वारीच्या भाकरीचा करपट वास यायचा आणि पाठातली अक्षरं गिळली जायची. उन्हाळ्यात लिंबाचा मोहर अंथरुणांत पडायचा. श्रावणात अंबाडीच्या भाजीनं दात आंबायचे. या सगळ्या ऋतूंत आम्ही अमावस्या मोजायचो. चंद्र बारीक व्हायला लागला की आम्हाला बरं वाटायचं.

माझी आई नायगावजवळच्या खेड्यातून यायची. देगलूरला एसटी बदलायची, उरलेली वाट उभ्यानं यायची. घरी असताना ती वेणी घालायची तेव्हा भांग काढून झाला की त्यावर हळूच एक फुंकर मारायची. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. तेल लावलेल्या उघड्या भांगावर ती गार फुंकर आली की माझे खांदे आपोआप खाली यायचे. आश्रमात आल्यापासून ती फुंकर दुसऱ्या मुलींना मिळायला लागली. मी तिरक्या मानेनं बघायची. माझ्यामागं बसलेली कुणीतरी मुखेडची नाहीतर निलंग्याची बाई माझी हनुवटी धरून मान सरळ करायची. तिची स्वतःची नजरही दुसरीकडंच असायची. साऱ्या पडवीत एकही बाई समोरच्या डोक्याकडं बघत नसायची. माईंना हे दिसत नव्हतं असं मला वाटत नाही.

बरं, या माईंना शिव्या द्याव्यात तर तोंड उघडत नाही. सातवीनंतर वडलांनी माझं लग्न ठरवल्यातच जमा होतं. मुलगा पाहिलेला, बैठक व्हायची होती. आईनं कुणाकरवी तरी माईंना निरोप धाडला. माई आल्या आणि आमच्या ओसरीवर मांडी घालून बसल्या. पाणी घेतलं नाही, चहा घेतला नाही, कुणाशी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीही तिथंच होत्या. संन्यासिणीला दारातून उपाशी उठवायचं पाप वडलांच्यानं झालं नाही. ते एवढंच म्हणाले की, घरात काही अडलं तर पोरगी तडक परत आणीन. माई मला घेऊन गेल्या.

घरात अडणं म्हणजे काय ते आम्हाला शांतानं शिकवलं. ही आमच्याच वर्गातली, हदगावकडची. आई आजारी आहे असा निरोप आला आणि माईंनी तिला चार दिवसांची सुट्टी दिली. शांता पेटी पथारीखाली ठेवून, नुसती पिशवी घेऊन गेली. आई बरी झाली नाही. धाकट्या भावंडांच्या भाकरी कोण थापणार, म्हणून तिला ठेवून घेतलं आणि वर्षाच्या आत उजवूनही टाकलं. तिची पेटी पुढं कितीतरी दिवस तशीच होती. मग कुणीतरी तिच्यात कांदे भरले. त्यानंतर माईंनी एकाही मुलीला आजारपणासाठी घरी धाडलं नाही.

दहावीच्या वर्षी मार्गशीर्षातली वेळ अमावस्या आली. आमच्याकडं या दिवशी गावात चिटपाखरू राहत नाही. सगळं घर रानात जातं. कडब्याची कोप, म्हणजे खोपी, उभी करतात, तिच्यात पांडव म्हणून पाच दगड मांडतात, उभ्या ज्वारीवर आंबील शिंपडतात, आल्यागेल्याला शेंगा-पाल्याची भज्जी, बाजरीचे उंडे आणि आंबील देतात. या दिवशी बाई आपलं रान सोडून कुठंच जात नाही. म्हणून त्या अमावस्येला भेटीला फार कुणी यायचं नाही आणि आम्ही मुली तोंडं पाडून बसायचो.

माझी आई आली. डोक्यावर आंबिलीची बिंदगी, तिच्या तोंडाला फडकं बांधलेलं. आपली कोप, आपले पांडव टाकून ती आली, यातच मला काय ते समजायला पाहिजे होतं. मला फक्त आनंद झाला. तिनं बिंदगी उतरवायला हात वर केले तेव्हा सैल झालेल्या बांगड्या सरसरत कोपराकडं गेल्या. मी त्या आवाजाकडंही लक्ष दिलं नाही. आंबिलीला लसणाचा आणि ओव्याचा वास येत होता. मी घरी असते तर कोपीभोवती धावत असते, एवढंच माझ्या मनात आलं.

त्या दिवशी पडवीत जेमतेम पाच-सहा आया होत्या. माई गिरिजाचा हात धरून आईकडं आल्या. गिरिजा उदगीरच्या एका आडत व्यापाऱ्याची मुलगी. आई लहानपणीच वारलेली, घरात दुसरी आलेली, म्हणून बापानं हिला इथं आणून ठेवलेलं. गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग, अंगावर चांगलं कापड, आणि तिला भेटायला कधी कुणी यायचं नाही. आई उठून उभी राहिली. एरवी ती माईंपुढं मान वर करायची नाही.

“माई, आज तेवढी माझी पोरगी माझ्यापुढं बसवा,” आई म्हणाली. “लई न्हाई मागत. येवढ्या बारीच.”

माई हसल्या. “तुझी कोणती, कौसाबाई? सगळ्या तुझ्याच आहेत ना?”

आई काहीतरी बोलेल असं मला वाटलं. तिनं माझ्याकडं बघितलं, मग खाली बसली आणि गिरिजाला पुढं ओढून घेतलं. मी समोरच्या खांबाजवळ होते. माझ्या केसांत दुसऱ्याच बाईची बोटं होती. आईनं गिरिजाचे केस सोडले, तेल घातलं, गुंता एकेक बट करून उकलला. इतका वेळ तिनं कधीच कुणाला दिला नव्हता. भांग काढला, फुंकर मारली. मग गिरिजाच्या कानाशी वाकून ती बोलायला लागली. खूप वेळ बोलत होती. गिरिजा रडायला लागली आणि तिनं आईला “अव्वा” म्हटलं. तिच्या घरी आईला अव्वा म्हणायचे. ते मला ऐकू आलं. त्यानंतर मी गिरिजाशी बोलणं टाकलं. शेजारच्या पथारीवर होती, पण मी भिंतीकडं तोंड करून झोपायची.

पुढच्या अमावस्येला आई आली नाही. माई म्हणाल्या, हरभऱ्याची काढणी चाललीय. त्याच्या पुढच्या अमावस्येलाही आली नाही, आणि माई म्हणाल्या, परीक्षा तोंडावर आहे, मन बाहेर जाऊ देऊ नको. मी मन बाहेर जाऊ दिलं नाही. असा अभ्यास मी पुन्हा जन्मात केला नाही. शेवटचा पेपर झाला, भूगोलाचा. केंद्राबाहेर माई लिंबाखाली उभ्या होत्या. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, “तुझ्या आईनं देह ठेवला. मागच्याच महिन्यात. घरून निरोप आले होते, ते मी थांबवले.” माझ्या दुसऱ्या हातात अजून कंपासपेटी होती. तिच्यातला कोनमापक हलून वाजत होता. मला वाटलं, आता त्या घागरीचं विचारतील. त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी ती पेटी त्यांच्या तोंडावर मारली असती.

मी जिल्ह्यात वरच्या क्रमांकानं आले. आश्रमाच्या ओळखीनं नांदेडला वसतिगृह मिळालं, पुढचं सगळं झालं. वडलांनी दुसरं लग्न केलं, त्यामुळं घरात माझी गरज उरली नाही. मी केस कापले आणि पुन्हा वाढू दिले नाहीत. गोदावरीच्या घाटावर सकाळी पोरीबाळींच्या वेण्या घालत बसलेल्या बाया दिसल्या की मी दुसऱ्या रस्त्यानं जायची. आश्रमातल्या कार्यक्रमांना माईंचं पत्रिकेसह बोलावणं यायचं, मी नाही म्हणून कळवायची. एवढ्या वर्षांत मी एकच काम मन लावून केलं. आई गिरिजाच्या कानात काय बोलली असेल ते मी रचत राहिले. कधी त्यात, माझ्या पोरीला सांग मला लई आठवण येते, असं असायचं. कधी, तिला सांग मी भिते, असं असायचं. ताप आला, भांडण झालं, नोकरी लागली, की त्या त्या दिवशी वेगळं वाक्य. विचारायचं म्हटलं तर ही पायरी चढावी लागली असती.

तर ती आज चढले. गिरिजा पडवीच्या टोकाला तेलाच्या वाट्या मांडत होती. डोकं तासलेलं, डबी अजून गळ्यात. ती मला मिठी मारायला आली आणि मी हात पुढं धरून तिला थांबवलं. पाणी घे म्हणाली, नको म्हटलं. मग आम्ही धान्याच्या कोठीत जाऊन पोत्यांवर बसलो. बाहेर मुलींचा पाठ चालला होता, आमच्याच जुन्या चालीत. मी सरळ विचारलं. तिला आठवायला वेळ लागला नाही. तिनं ते रोज घोकलं असावं.

“आधी मला विचारलं, तू कुणाची,” गिरिजा म्हणाली. “मी म्हणाले, कुणाचीच नाही. तर म्हणाली, मग आजपासून माझी हायस.”

“हे तुझं झालं,” मी म्हणाले. “माझं सांग.”

तिच्या बोटांना तेल होतं, ते ती पोत्याला पुसत बसली.

“म्हणाली, बरं झालं माई न्हाई म्हणल्या. तिची येणी हातात आली आस्ती तर मी तिला घिऊनच गेले आस्ते. मला आता घरात कुणीतरी लागतंय गं, येखांद्या दिवशी उठून पाणी बी घेता येत न्हाई.” गिरिजाचा आवाज आईसारखा झाला होता. “मग म्हणाली, मी पुढल्या आवसंला यायची न्हाई. तिला कळू दिऊ नको. परीक्षा हूं दे.”

“आणखी?”

“एवढंच.”

“माझ्यासाठी काही नाही?”

“हेच तुझ्यासाठी,” गिरिजा म्हणाली. “बाकी सगळं मला म्हणाली.”

मला राग आला, आणि तो ठेवायला जागा सापडेना. माईंवर धरावा तर त्या मरून गेल्या होत्या. आईवर धरावा तर ती माझ्यासाठीच तहानलेली मेली. गिरिजावर धरावा तर तिनं दिलेला शब्द पाळला होता. तिघींनी तीन ठिकाणी बसून, एकमेकींना न विचारता, माझं भलं करून टाकलं होतं. आणि ते खरोखरच भलं होतं. ती वेणी मला मिळाली असती तर मी शांता झाले असते, माझ्याही पेटीत कोणी कांदे भरले असते. मी रचलेलं एकही वाक्य खरं नव्हतं. त्यातलं एखादं तरी निघेल अशी मला आशा होती, आणि ती गेली याचं मला आईच्या मरणाइतकं दुःख झालं.

बाहेर आलो तेव्हा पडवी भरली होती. मोबाइल आले, रोज बोलणं होतं, तरी आया येतातच. नियम अजून चालू आहे का, असं मी विचारलं नाही. ओळीत एक बाई उभी राहिली होती, पदराला पीळ देत. भोकरकडची असावी. तिच्या शेजारी एक उंच, सावळी मुलगी होती.

“ताई, आजच्या दिवस माझी लेक माझ्यापुढं राहू द्या,” ती गिरिजाला म्हणाली. “पुन्यांदा न्हाई म्हणायची.”

गिरिजानं त्या मुलीकडं बघितलं. मग ती माझ्याकडं वळली. “तू सांग,” ती म्हणाली. “आज तू म्हणशील ते करते. नियम मोडायचा म्हणालीस तर इथून पुढं कायमचा मोडला.”

त्या बाईनं माझ्याकडं बघून हात जोडले. जोडताना तिच्या बांगड्या सरसरत कोपरापर्यंत खाली गेल्या. या वेळी तो आवाज मला ऐकू आला. गिरिजालाही आला, कारण तिनं डोळे मिटून घेतले.

मी मुलीला विचारलं, कितवीला आहेस. दहावीला, ती म्हणाली.

मी भिंतीला पाठ टेकून खाली बसले. तेलाची वाटी जवळ ओढली. “ये, माझ्यापुढं बस,” मी मुलीला म्हणाले.

तिच्या आईपुढं गिरिजानं दुसरी मुलगी बसवली. मी केस सोडले, कोमट तेल घातलं, गुंता एकेक बट करून उकलला. माझ्या बोटांना कुणी शिकवलेलं नव्हतं, पण त्यांना येत होतं. भांग काढला आणि फुंकर आपोआप आली. मुलीचे खांदे खाली आले. मग तिची मान हळूहळू डावीकडं, तिच्या आईकडं वळायला लागली.

मी तिची हनुवटी धरली आणि मान सरळ केली.